राधूपेक्षा एक दिवस जास्त

तीर्थपुरीतल्या बायकांमध्ये साळूबाईची चर्चा सुरू झाली ती तिनं पायात बूट घातले तेव्हापासून. साठी ओलांडलेली विधवा बाई, अंगावर नऊवारी, डोक्यावर पदर, आणि पायात शाळकरी पोरांचे असतात तसले पांढरे कॅनव्हासचे बूट. उजाडलं की ती घनसावंगीच्या रस्त्यानं चालायला निघायची. हात हलवत, भराभर, कुणीतरी मागं लागल्यासारखी. तिनं भाजीतलं मीठ कमी केलं, चहातली साखर सोडली. लग्नाच्या पंगतीत बसली तर बुंदीचा लाडू शेजारणीच्या ताटात सरकवायची.

"लई जगायची हौस हाये बाईला," नळावर बायका म्हणायच्या. "मालक गेला, ल्योक-सून जालन्याला, नातवंडं झाली. आता आनखी काय पाह्यचं राह्यलंय हिचं?"

हे सगळं साळूबाईच्या कानावर यायचं. खोटं काय होतं त्यात? तिला जगायचं होतंच. पण त्याला हौस म्हणणं म्हणजे कमालच होती.

तिचा थोरला मुलगा राधेश्याम. सगळं गाव त्याला राधू म्हणतं. लग्नाला सहा-सात वर्षं होऊनही कूस उजवत नव्हती म्हणून सासूनं टोमणे मारायला सुरुवात केली होती, तेव्हा कुठं राधू झाला. गोरापान, गुबगुबीत, बारीक तिरक्या डोळ्यांचा. रडायचा कमी. घरात सगळे म्हणाले, किती शहाणं लेकरू. वर्ष होत आलं तरी मान नीट धरेना, दूध पिताना ओठ निळे पडायला लागले, तेव्हा साळूबाई आणि तिचा मालक बद्रीनाथ त्याला जालन्याला घेऊन गेले.

तिथल्या डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. पोराचे तळहात उलगडून पाहिले, छातीला नळी लावून ऐकलं. मग म्हणाले, "याच्या मेंदूची वाढ कमीच राहणार. हृदयालाही छिद्र आहे. अशी मुलं दहा-बारा वर्षांच्या वर सहसा जात नाहीत. तुम्ही तरुण आहात, दुसऱ्या मुलाचा विचार करा."

साळूबाईला त्यातलं 'दहा-बारा' तेवढं ऐकू आलं. एस.टी.त बसल्यावर बद्रीनाथनं पोराला तिच्याकडून स्वतःच्या मांडीवर घेतलं ते गाव येईपर्यंत परत दिलं नाही. फाट्यावर उतरल्यावर म्हणाला, "बारा तर बारा. पन ती बारा वर्षं त्याला राजावानी ठिवायचा."

आणि त्यांनी तसंच ठेवलं. राधूला कुणी रागावलं नाही की कुणी कधी हात लावला नाही. बाजाराच्या दिवशी त्याला गरम जिलेबी ठरलेली. शाळेत एक दिवस बसवलं, तो रडला, दुसऱ्या दिवशी नेलंच नाही. गुरुजी म्हणाले, हळूहळू शिकंल, पाठवत जा. बद्रीनाथ म्हणाला, "गुरुजी, थोडे दिवस असलेलं लेकरू हाये. त्याला कशाला तरास?" जेवताना साळूबाई भाकरी दुधात कुस्करून घास भरवायची. आंघोळ तिनं घालायची, गुंड्या तिनं लावायच्या, नाडी तिनं बांधायची. तो स्वतः करायला गेला, चुकला, चिडला, की ती पुढं होऊन करून टाकायची. शिकवायचं ते पुढच्या आयुष्यासाठी. ज्याला पुढचं आयुष्यच नाही त्याला काय शिकवायचं, असं दोघांच्या मनात होतं. दोघं ते एकमेकांशीही बोलत नव्हते.

चार वर्षांनी धाकटा हरिओम झाला. तो धडधाकट होता. त्याला मात्र सगळं लवकर शिकावं लागलं.

राधूला बारावं लागलं त्या वर्षी साधं नाक गळायला लागलं तरी साळूबाई त्याच्या छातीला कान लावून बसायची. ते वर्ष सरलं. तेरावं सरलं. राधू उसाच्या ट्रॅक्टरला सलाम ठोकत, लग्नाच्या वरातीत बँडच्या पुढं नाचत, रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाचा हात हातात घेऊन "बरं हाये का?" विचारत मोठा होत गेला. त्याला मिसरूड फुटलं. एका दिवाळीला बद्रीनाथ त्याची दाढी करता करता हसायला लागला. म्हणाला, "डॉक्टर बी मानूसच हाये ना. त्याला काय ठावं?" त्या दिवशी साळूबाईला वाटलं, आपण जिंकलो. पोरगं वाचलं. पुढची कितीतरी वर्षं तिला असंच वाटत राहिलं.

मग एका उन्हाळ्यात मोसंबीच्या बागेत पाणी देता देता बद्रीनाथ छाती धरून खाली बसला तो उठलाच नाही. कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. राधू तेव्हा तिशीचा होता. बापाला खांद्यावर नेताना तो वरातीत नाचावं तसा दोन पावलं नाचला, आणि सगळे रडायला लागलेले पाहून थांबला. नंतर महिनोन्‌महिने एकच विचारत राहिला, "माय, आप्पा कवा येनार?" साळूबाई म्हणायची, "गावाला गेलेत ना रे, येतील." राधूची दाढी आता ती करू लागली.

बाग बटईनं दिली. हरिओमला जालन्यात मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानात नोकरी होती. बायको शालू आणि दोन मुलांना घेऊन तो मस्तगडला दोन खोल्यांत राहायचा. महिन्यातून एकदा गावी यायचा, किराणा भरून द्यायचा, राधूसाठी बिस्किटांचे पुडे आणायचा. वाईट मुलगा नव्हता. साळूबाईची त्याच्याबद्दल कसलीही तक्रार नव्हती.

सगळं फिरलं ते अंबडच्या तपासणी शिबिरात. अपंगांसाठी सरकारी शिबिर होतं, साळूबाई राधूला घेऊन गेली. तिथं एक तरुण डॉक्टरीणबाई होती, पोरसवदा, हसऱ्या तोंडाची. राधूनं तिचा हात धरून "बरं हाये का?" विचारलं, तर तिनं त्याला सगळं नीट सांगितलं, काल झोप झाली नाही, पण आज बरं आहे. मग त्याच्या छातीचा फोटो पाहिला, मशीन लावून हृदय पाहिलं, आणि साळूबाईला म्हणाली, "मावशी, तुम्ही किती छान सांभाळलंय याला! ते छिद्र आपोआप बंद झालंय. तब्येत एकदम चांगली आहे."

"मंग आनखी किती..." साळूबाईच्या तोंडून अर्धंच निघालं.

"अहो, पूर्वी ही मुलं लवकर जायची. आता तसं राहिलेलं नाही. पन्नास, साठ वर्षं आरामात जगतात. काळजी करू नका."

ती बिचारी आनंदाची बातमी म्हणून सांगत होती. साळूबाईनं हात जोडले. बाहेर येऊन ती लिंबाच्या झाडाखाली बसली. राधू शेजारी बसून कागदाच्या पुडीतले फुटाणे खात होता. राधू साठीचा होईल तेव्हा आपण किती? पंच्याऐंशी. तिची आई एकसष्टाव्या वर्षी गेली होती. आजी त्याहून आधी. तिच्या माहेरात सत्तरी पाहिलेली एकही बाई तिला आठवेना.

ज्या पोराला बारा वर्षांचं म्हणून वाढवलं, त्याला साठ वर्षं जगायचं होतं. आणि त्याला स्वतःच्या शर्टाची गुंडी लावता येत नव्हती.

त्याच आठवड्यात ती गावातल्या डॉक्टरांकडे गेली. म्हणाली, "मला बराबर तपासा. काय काय बिघडलंय ते सांगा."

डॉक्टर तिला वर्षानुवर्षं ओळखत होते. गमतीनं म्हणाले, "किती वर्षं जगायचा इचार हाये, साळूबाई?"

"पंच्याऐंशी," ती म्हणाली. "आन् एक दिवस वर."

डॉक्टर हसले. रक्तदाब वाढलेला निघाला. त्यांनी गोळी लिहून दिली, मीठ कमी करा म्हणाले, रोज चाला म्हणाले. पुढच्या बाजारी साळूबाईनं बूट घेतले.

मनातलं तिनं एकाच माणसाला सांगितलं. शेजारची चांगुणाबाई तिच्याच वयाची, दोघी एकाच वर्षी लग्न होऊन गावात आलेल्या. साळूबाई चालायला गेली की चांगुणाबाई निजलेल्या राधूवर लक्ष ठेवायची. एकदा दोघी ओसरीत शेंगा फोडत बसल्या असताना साळूबाई म्हणाली, "चांगुणा, माझं एकच मागनं हाये बघ. राधूनं माझ्या आधी जावं. त्याचं सगळं माझ्या हातानं व्हावं. मंग मला दुसऱ्या दिवशी नेलं तरी चालंल."

चांगुणाबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली. "माय हायेस का कोन हायेस? असं बोलवतं तरी कसं तुला?"

"न्हाई बोलवत. पन तू सांग, दुसरं काय मागू?"

चांगुणाबाई फोडलेल्या शेंगांची टरफलं गोळा करून निघून गेली. दोन-तीन दिवस आली नाही. पुन्हा यायला लागली तेव्हा तो विषय दोघींनी टाळला.

दसऱ्याला राधू घरोघरी सोनं वाटायला जायचा. म्हाताऱ्या माणसांच्या पायावर डोकं टेकवायचं हे त्याला फार आवडायचं. प्रत्येकजण त्याच्या पाठीवरून हात फिरवून म्हणायचा, "शंभर वर्षांचा व्हय, बाबा!" राधू खूश होऊन आईकडं बघायचा. साळूबाई तोंडावर हसू आणायची. ज्या आशीर्वादासाठी तिनं कधीकाळी देव पाण्यात ठेवले होते तो आता ऐकवत नव्हता, आणि ऐकवत नाही म्हणून स्वतःचीच शिसारी यायची.

पुढच्या वर्षी तिच्या पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशन करावं लागणार होतं. हरिओम म्हणाला, "माय, काही टेन्शन घेऊ नको. तू दवाखान्यात, राधूदादा आमच्याकडं. मी हाये ना." साळूबाईला भीती वाटलीच, पण मनात आलं, एकदा हे व्हायला पाहिजे. आपण नसताना कसं होतंय ते तरी कळंल.

ऑपरेशन नीट झालं. दवाखान्यातून सुटल्यावर हरिओमनं तिला रिक्षानं मस्तगडला आणलं. जिना चढून ती वर आली तर आतल्या खोलीला बाहेरून कडी. शालूनं घाईघाईनं कडी काढली. राधू भिंतीकडं तोंड करून बसला होता. दाढी वाढलेली, डाव्या गालावर वळ, अंगावर तिनं निघताना घातलेलाच शर्ट. तिला बघून तो उठला नाही, हसला नाही. थोड्या वेळानं फक्त तिच्या पदराचं टोक मुठीत धरलं.

साळूबाईनं सुनेकडं पाहिलं. शालू पाणी घेऊन उभी होती. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"आत्या, मला बोला, पन आधी ऐका," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी राधूदादा मुलांच्या मागं खाली गेले आन् बाजारात हरवले. रस्त्यानं एक कॉलेजची पोरगी चालली होती, तिचा हात धरला. तुमाला ठावं हाये, मला ठावं हाये ते कसा हात धरत्यात. लोकांना काय ठावं? चार जनांनी मारलं. हे धावत गेले म्हनून सुटले. तेव्हापासून कडी लावली. माझ्या हातचं खाईनात. दोन दिवस पान्यावर होते. अंथरूण भिजवलं ते मी बदललं, रोज बदललं. पन आंघोळ मी कशी घालू, आत्या? भाया हायेत माझे, थोरले दीर. मोठा मानूस. हे दुकानातून येईपर्यंत तसेच बसून राह्यचे, आन् ह्यान्ला बी अंगाला हात लावू देईनात." मग ती एका दमात म्हणाली, "मी खोटं बोलत न्हाई. मी कराया न्हाई म्हनत न्हाई. पन माझ्यानं न्हाई व्हायचं."

शालू रडायला लागली. दारात उभा हरिओम बायकोकडंही बघेना आणि आईकडंही बघेना. साळूबाईला वाटलं होतं, कुणावर तरी राग येईल. राग आला असता तर बरं झालं असतं. तिनं सुनेच्या हातातला तांब्या घेतला आणि राधूचं तोंड धुतलं.

त्यानंतर हरिओमनं चौकशी करून दोन संस्था शोधल्या. पहिलीत तिघं मिळून गेले. जागा चांगली होती, स्वच्छ, झाडंबिडं लावलेली. तिथले अधीक्षक मऊ बोलणारे गृहस्थ होते. म्हणाले, "मावशी, आमच्याकडं अठरा वर्षांपर्यंतचीच मुलं ठेवायची परवानगी आहे. हे सदतीस वर्षांचे आहेत."

"मंग अठराच्या वरची कुठं असतेत?"

"घरीच असतात की."

"आन् घरचे गेल्यावर?"

अधीक्षकांनी राधूकडं पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं. "चहा घेता का?" ते म्हणाले.

दुसरी संस्था मोठ्यांसाठी होती, पण लांबच्या जिल्ह्यात. फोनवरच सांगितलं, जागा रिकामी नाही. कधी होईल, असं हरिओमनं विचारलं. पलीकडची बाई म्हणाली, "ती कधी होते ते तुम्हाला माहीत आहे, दादा." हरिओमनं ते आईला सांगितलं नाही. साळूबाईनं त्याच्या तोंडावरून ओळखलं.

गावी परतल्यावर तिनं राधूला शिकवायला सुरुवात केली. समोर शर्ट धरायची, म्हणायची, "ही गुंडी, हे काज. घाल." तो हसायचा. हात पुढं करून तिच्याकडं द्यायचा. सदतीस वर्षं माय गुंडी लावत आली होती. आता ती का लावत नाही हे त्याला कळत नव्हतं. ती थांबून राहिली की तो रडकुंडीला यायचा, आणि ती शेवटी लावून द्यायची. तरी एक जमलं. तो स्वतःच्या हातानं भाकरी मोडून खायला लागला, अर्धी अंगावर सांडत का होईना. साळूबाईनं ही गोष्ट चांगुणाबाईला बोलावून दाखवली.

त्या हिवाळ्यात राधू आजारी पडला. आधी सर्दी, मग ताप, मग छाती भात्यासारखी वरखाली व्हायला लागली. गावातल्या डॉक्टरांनी नळी लावली आणि लगेच काढली. "न्यूमोनिया हाये. बोटाला लावायचं मशीन आकडा लई कमी दाखवतंय. आता जालना. जल्दी करा."

साळूबाईनं हरिओमला फोन केला. गाडी बघायला चांगुणाबाईचा मुलगा धावला. राधू बाजेवर पडला होता, ओठ निळसर, लहानपणी दूध पिताना व्हायचे तसे. चांगुणाबाई साळूबाईच्या जवळ आली. तिच्या दंडाला धरून हळूच म्हणाली, "साळू, रागावू नको. तूच म्हनली होतीस तेव्हा. आता देव आपून होऊन नेऊन राह्यला आसंल... तुझ्या डोळ्यासमोर, तुझ्या हातावर. कशाला तडफडतीस? लेकराला बी नळ्या-सुयांचा तरास."

ती वाईट हेतूनं बोलत नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. साळूबाईला एक एक शब्द नीट कळला. हेच तर मागितलं होतं. देवापुढं, रस्त्यानं चालताना, दसऱ्याच्या दिवशी, रोज. आता ते दारात आलं होतं, आणि तिनं फक्त गाडीला उशीर होऊ दिला असता तरी पुरलं असतं.

तिनं दंड सोडवून घेतला. "गाडी आली का रं?" ती रस्त्याकडं तोंड करून ओरडली. "आरं, कुठं मेला तू? आन गाडी!"

जालना येईपर्यंत राधूचं डोकं तिच्या मांडीवर होतं. ती त्याच्या छातीवर हात ठेवून बसली होती आणि एकसारखं म्हणत होती, "घे, श्वास घे. घे बाबा. आनखी एक घे."

जालन्याच्या दवाखान्यात त्याला आत नेलं. बऱ्याच वेळानं हरिओम बाहेर आला. भिंतीला टेकलेल्या आईसमोर उकिडवा बसला.

"माय, डॉक्टर म्हनतेत मशीनवर ठिवावं लागंल. व्हेंटिलेटर. ठिवला तरी सांगता येत न्हाई. न्हाई ठिवला तर..." त्यानं आतल्या दाराकडं मान वळवली. "काय सांगू त्यान्ला?"

"लाव."

"माय, खर्च्याचं न्हाई मी बोलत. ते मी बघतो. पन नीट इचार कर. तूच चांगुणाकाकूला म्हनत होतीस ना, तुझ्या आधी..."

त्यालाही ठाऊक होतं तर. साळूबाईनं धाकट्या मुलाकडं पाहिलं. त्याच्या कानशिलांवरचे केस पांढरे झाले होते. हे कधी झालं तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

"म्हनत होते," ती म्हणाली. "आज न्हाई म्हनत. लाव म्हनते ना!"

डॉक्टर बाहेर आले तेव्हा ती त्यांच्या पायाशी वाकली. त्यांनी तिला मध्येच धरलं. ती म्हणत होती, "साहेब, माझं लेकरू हाये वो. वाचवा. काय बी करा." आजूबाजूच्या नातेवाइकांनी वळून पाहिलं. त्यांना वाटलं असेल, आत कुणी लहान मूल आहे.

राधू वाचला. नळी निघाली, चार दिवसांनी त्याला साध्या खोलीत आणलं. त्यानं डोळे उघडले, इंजेक्शन द्यायला आलेल्या नर्सचा हात धरला आणि घोगऱ्या आवाजात विचारलं, "बरं हाये का?" साळूबाई इतकी मोठ्यानं हसली की तिलाच लाज वाटली. मग ती खोलीबाहेर गेली, नळाखाली तोंड धरलं आणि तिथंच उभी राहिली. शालू तिला शोधत आली. तिनं पदरानं सासूचं तोंड पुसलं आणि हाताला धरून आत घेऊन गेली.

घरी आल्यावर राधू पहिल्यासारखा राहिला नाही. पायात जोर नव्हता. स्वतःच्या हातानं भाकरी मोडणं तो विसरून गेला. उठताना आधार लागायचा. त्याला उचलताना साळूबाईच्या कमरेत उसण भरली, ती काही केल्या जाईना. तिचं चालणं बंद पडलं, कारण राधू आता उजाडायच्या आधी जागा व्हायचा आणि ती दिसली नाही की घाबरायचा. बूट ओसरीतल्या फळीवर होते. गोळी मात्र ती घेत होती.

हरिओमनं आता नवीनच ठरवलं. दर रविवारी सकाळच्या गाडीनं तो एकटा तीर्थपुरीला यायला लागला. म्हणाला, "दादाला माझ्या हातची सवय लावायची. आधी आंघोळीची. मला कराया आलं, तर पुढचं पुढं बघू." शालूनंच त्याला हे सुचवलं होतं. साळूबाईला ते पटलं. पहिल्या रविवारी ती शेजारीच उभी राहिली, तर राधू हरिओमला हात लावू देईना. नुसता तिच्याकडं हात करून राहिला. मग हरिओम म्हणाला, "तू इथं हायेस तवर न्हाई व्हायचं, माय. तू जा. मळ्यात जा."

तशी ती गेली. घरामागून पायवाट मोसंबीच्या बागेत जाते. तोडणीचे दिवस होते, बाया झाडाखाली बसून मोसंबी निवडत होत्या. साळूबाई त्यांच्यातच बसली. तिनं एक मोसंबी हातात घेतली, डागाळलेली का बघितली, टोपलीत टाकली. दुसरी घेतली.

घराकडून राधूचा आवाज आला. "माय!" मग आणखी मोठ्यानं. "माय! माय!"

बायांनी माना वर केल्या. एकीनं विचारलं, "राधू कामून वरडून राह्यला?"

"आंघूळ करून राह्यला," साळूबाई म्हणाली.

तिनं तिसरी मोसंबी घेतली. हाका थांबेनात. मध्येच बादली आपटल्याचा आवाज, हरिओमचं समजावणं, "दादा, दादा, हे बघ, मी हाये ना," आणि पुन्हा तीच हाक. राधू तिला रागावून बोलावत नव्हता. हरवलेलं माणूस बोलवावं तसं बोलावत होता. साळूबाईनं मनाशी धरलं होतं, काहीही होवो, उठायचं नाही. आज नाही उठलो, पुढच्या रविवारी नाही उठलो, तर कधीतरी तो ओरडायचा थांबेल. थांबायलाच पाहिजे. एक ना एक दिवस आपण उठणारच नाही, तेव्हा काय करेल तो?

तिच्या हातातल्या मोसंबीत नख रुतलं होतं आणि रस मनगटावरून खाली येत होता. शेजारची बाई ते बघत होती. साळूबाईनं मोसंबी बाजूला ठेवली, कमरेला हात लावून उठली आणि लंगडत घराकडं निघाली.

मोरीत हरिओम डोक्यापासून पायापर्यंत भिजून उभा होता. राधूच्या अर्ध्या अंगाला साबण, डोळे लाल. तिला बघताच हरिओमनं हातातला तांब्या खाली ठेवला.

"आली का?" तो म्हणाला. आवाजात राग नव्हता.

साळूबाईनं तांब्या घेतला. बादलीतलं पाणी कोमट आहे का ते बोट घालून बघितलं आणि राधूच्या खांद्यावर ओतलं. तो लगेच गप्प झाला. मान खाली घालून, डोळे मिटून, नेहमीसारखा उभा राहिला. ती त्याच्या पाठीवरचा साबण धुवायला लागली. हरिओम उंबऱ्यावर बसून अंगातल्या शर्टाचं टोक पिळत राहिला.